तारवाल्या चाचांचं विरजण

तारवाले चाचा कुणाचाही मोबाइल दुरुस्तीला घ्यायचे तेव्हा आधी त्यातलं मेमरी कार्ड काढून मालकाच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "मूठ मिट." मग मालक मूठ मिटून समोर बसणार आणि चाचा कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून कामाला लागणार. अर्धा तास लागो की दोन तास, मूठ उघडायची नाही. तंबाखू मळायची सोय नाही, चहाही डाव्या हातानं. आमच्या सोनाळ्यात एखादा माणूस ओसरीवर मूठ आवळून गप्प बसलेला दिसला तर हा कुणाशी भांडून आलाय असं कुणाला वाटायचं नाही. चाचा आलेले दिसतात, एवढंच लोक म्हणायचे.

चाचांना दुकान नव्हतं. कुणाची वस्तू त्याच्या घराबाहेर नेऊन दुरुस्त करणं त्यांना पटतच नसे. रेडिओ असो, टीव्ही असो, खांद्याला पिशवी अडकवून ते तुमच्या घरी यायचे आणि तुमच्याच चटईवर बसून काम करायचे. एकदा शाळेतले एक सर घाईत आपला लॅपटॉप चाचांच्या घरी ठेवून गेले. चाचांनी तो भर उन्हात परत नेला, सरांच्याच टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. "सर, याच्यात तुमचं घर हाय. मी तुमचं घर माह्या घरी कसं ठेवू?" सरांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. चाचा चेष्टा करत नव्हते.

नोकरी त्यांची टेलिफोन खात्यातली, लाइनमनची. पुढे खात्याच्या तारा गेल्या, खांब गेले, चाचाही निवृत्त झाले. नाव तेवढं राहिलं. वरवट बकालच्या रस्त्याला एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांच्या काळातला एक लोखंडी खांब कसा कोण जाणे शिल्लक होता. त्या रस्त्यानं जाताना चाचा सायकल उभी करून त्या खांबाला कान लावायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "चाचा, याला तर तारच नाही." ते म्हणाले, "तार नाही तं काय झालं? खांबाले आठवन तं हाय ना."

मीही कान लावला. कापूस फुटायचे दिवस होते. धुऱ्यापासून पार सातपुड्याच्या निळ्या रेषेपर्यंत सगळं रान पांढरं झालं होतं, आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. खांब उन्हानं तापलेला होता. मला काहीही ऐकू आलं नाही. चाचांनी विचारलं, "आला का आवाज?" मी हो म्हणून मान हलवली. मी खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

त्या खांबांशी त्यांचं एक दुखणं जोडलेलं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. एका पावसाळ्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत पाणी शिरलं आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांचे फोन बंद पडले. चाचा पाच दिवस चिखलात उभे राहून तारा जोडत होते. त्याच पाच दिवसांत तिकडे धामणगाव बढ्याला त्यांची आई गेली. निरोप आला तो सहाव्या दिवशी, त्यांनीच जोडलेल्या तारेवरून. "साऱ्या गावाइचा जीव एकाच खोलीत बांधून ठेवला व्हता, पोरी," ते म्हणाले. "खोली बुडाली, का सारे मुके." मग पिशवी उचलून उठले. त्यांच्या डोक्यात त्या बुडालेल्या खोलीनं कायमचं घर केलं होतं, हे मला पुढे कळलं.

मी त्या वेळी गावात कॉम्प्युटरचं केंद्र चालवत होते. शेगावला डिप्लोमा करून आलेली, इंग्रजी वाचता येणारी, त्यामुळे स्वतःला बरीच शहाणी समजत होते. कपाशीचे दिवस वाईट होते. बीटी आलं तेव्हा आता अळीचं नाव नको म्हणून लोक निर्धास्त झाले होते. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी परत आली, आणि ती अशी चोरटी की बोंड बाहेरून चांगलं दिसायचं, फोडलं की आत किडकं. त्यातच एका कंपनीनं मोबाइलवरचं एक अ‍ॅप आणलं. शेतकऱ्यानं रोज आपल्या बोलीत आपल्या वावराची हकिगत मोबाइलला सांगायची, कंपनी सल्ला देणार. सगळं फुकट. गावातल्या बहुतेक घरांत ते मीच घालून दिलं. कंपनीनं मला एक टी-शर्ट दिला होता, तो घालून मी गावभर मिरवत होते.

चाचांनी माझा टी-शर्ट नीट पाहिला आणि विचारलं, "हे लोकाइचं बोलनं जाते कुठी?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर. सुरक्षित असतं चाचा तिथे."

"आपली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात बांधाची, अन् दुधासाठी आपनच भांडं घेऊन रांगेत उभं राहाचं. अन् तू म्हनते सोय हाय."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांना नव्याची भीती वाटते, असं काहीसं घरी आईला सांगितल्याचंही आठवतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

आमच्या शेजारी भास्करभाऊ आणि मंदावहिनी राहायचे. भास्करभाऊ अबोल माणूस, पण मोबाइलपुढे मात्र त्यांना कंठ फुटायचा. संध्याकाळी वावरात उभे राहून ते त्या दिवशीचं सगळं सांगायचे. कुठल्या ओळीत पाणी बसलं, कुठे अळीनं आवळून टाकलेली, न उमललेली फुलं दिसली. वहिनी म्हणायच्या, "माह्याशी दोन शब्द बोलत नाही, अन् त्या डबड्याले सारी कहानी सांगते." वावरात रेंज नसायची, म्हणून बोलणं तिथेच अडकायचं. मी त्यांना दटावत असे, "भाऊ, रेंजमध्ये येऊन पाठवत जा ना." ते बिचारे "हाव, हाव" म्हणत सगळं पाठवायचे.

त्या वर्षी अळीसाठी फवारण्यांवर फवारण्या झाल्या. भाऊ एका दुपारी पंप उतरवून घरी आले, डोळ्यांची आग होते म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी गेले. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

पुढे काही महिन्यांनी कंपनी बंद पडली. ते अ‍ॅप उघडलं की नुसता पांढरा पडदा दिसायचा. वहिनी माझ्याकडे आल्या, मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "उज्वला, तूच टाकलं व्हतं ना थे? मले त्याचा आवाज काढून दे." मी कंपनीला पत्रं लिहिली, फोन केले. नंबर अस्तित्वात नाही असं उत्तर यायचं. शेवटी हात वर केले. वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि मोबाइल पदराखाली घेऊन गेल्या. एका माणसाचा आवाज मी माझ्या हातानं परक्याच्या घरी नेऊन ठेवला होता, आणि त्या घराला आता दार नव्हतं.

मी चाचांकडे गेले. ते लगेच पिशवी घेऊन निघाले. वहिनींच्या ओसरीवर बसले, मोबाइलमधलं कार्ड काढून वहिनींच्या हातावर ठेवलं, "मूठ मिट, बेटी," म्हणाले आणि मोबाइल उघडला. तीन दुपारी ते त्यात शोधत होते. मी शेजारी बसून इंग्रजी वाचून दाखवत होते. कुठे काही सापडेना. तिसऱ्या दिवशी कंटाळून वहिनींनीच मूठ पुढे केली. "चाचा, याच्यात पाहा ना एकडाव."

चाचा बघतच राहिले. कार्ड घातलं, आणि त्यात होतं. भाऊंचं एकच बोलणं, चाळीसेक सेकंदांचं. त्या दिवशी वावरात रेंज नव्हती आणि पाठवायचं राहून गेलं, म्हणून ते वाचलं. तीन दुपारी तो आवाज वहिनींच्या मुठीत होता! चाचांना हसावं की रडावं कळेना. "मी तं कधी कोनाच्या मुठीत पाहतच नाही ना," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग माझा दंड धरून मला अंगणात घेऊन आले. तो आवाज त्यांनी ऐकला नाही, मीही ऐकला नाही. भाऊ त्यात काय बोलले हे आजही एकट्या वहिनींना माहीत आहे.

पण आता तो एकुलता एक होता. कार्ड हरवलं, उंदरानं कुरतडलं, तर संपलंच. चाचांना त्या बुडालेल्या खोलीनं पुन्हा पछाडलं. चार दिवस ते कुणाकडे दुरुस्तीला गेले नाहीत. पाचव्या दिवशी आमच्या ओसरीवर बसले असताना वहिनी वाटीत विरजण घेऊन माझ्या आईकडे आल्या. आमचं दही नासलं होतं. चाचा एकदम सरळ बसले.

"मंदा, तुह्या घरचं दही नासलं तं तू काय करते?"

"काय करतो म्हंजे? इथून विरजन नेतो."

"अन् याइच्या घरी थे कुठून आलं?"

"माह्याच घरून आल्तं की."

"झालं तं मग!" चाचा मांडीवर थाप मारून म्हणाले.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस होते. अकोल्याच्या जुन्या बाजारातून चाचांनी टाकून दिलेले डबे आणले, लहान लहान कॉम्प्युटरच ते. मी इंग्रजी माहिती वाचायची, चाचा तारा जोडायचे. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत अकरा डबे बसले, अकरा छपरांवर पत्र्याचे अँटेना उभे राहिले. प्रत्येक घराचं बोलणं, फोटो, वावराच्या हकिगती त्या घरच्याच डब्यात. पण रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक डबा आपलं थोडं थोडं विरजण शेजारच्या डब्यांत लावून ठेवणार. तुमचा डबा जळाला तर शेजारून परत आणायचं. आणि शेजाऱ्याला ते उघडता येणार नाही, कारण ते उघडायचा शब्द फक्त तुमच्याकडे. चाचा बायकांना सांगायचे, "दही शेजारच्या भांड्यात, पन झाकन तुह्या हाती." एखादी बाई आपला शब्द टाकायला बसली की चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. भिंतीत काही बघण्यासारखं असावं तसे अगदी मन लावून.

विरजण लावायची वेळ त्यांनी संध्याकाळी सातची ठेवली. दिवसा लाइटचा भरवसा नसायचा, सातला हमखास असायची. मगरिबची नमाज पढून मशिदीतून परतताना चाचा गल्लीच्या तोंडाशी थांबायचे. वर अँटेना, खाली कुणाच्या तरी भाकरीचा वास. "ऐकून राह्यली का?" ते मला म्हणायचे. "गल्ली आपसात बोलून राह्यली." मला काही ऐकू येत नसे. पण खांबाच्या वेळेसारखी मी मान हलवायची, आणि खरंच कुठेतरी भास्करभाऊ हळू आवाजात या घरातून त्या घरात जात आहेत असं वाटायचं.

तसं काही होत नव्हतं.

ते कळलं उन्हाळ्यात. एका दुपारी लाइट एकाएकी जास्त दाबानं आली आणि वहिनींचा डबा जळाला. भाऊंच्या आवाजाचं कार्ड आतच होतं, तेही वितळून चिकटलं होतं. वहिनी तो काळा डबा पदरात घेऊन आल्या, तर चाचा हसून म्हणाले, "रडते काऊन? शेजारून विरजन आनू." आम्ही पहिल्या घरी गेलो. वहिनींचं तिथे काहीच नव्हतं. दुसऱ्या घरी नाही. तिसऱ्या, चौथ्या. आमच्या घरी नाही. चाचांचा चेहरा उतरत गेला. डब्यात डोकवायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे इतक्या महिन्यांत त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं.

शेवटी आईच हळूच म्हणाली, "चाचा, मी तं रोज दिवेलागनीले बंद करतो डबा. दिवे लागल्यावर विरजन देत नाहीत ना कोनाले."

मग एकेक घर बोललं. सगळ्याच बायका तिन्हीसांजेला डबा बंद करत होत्या आणि सकाळी सुरू करत होत्या. चाचांना वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नव्हतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच करतो. यात सगळ्यात कडक मंदावहिनी. दिवा लावल्यावर त्या सख्ख्या बहिणीलाही मिरचीएवढं विरजण देत नसत. आणि मी! आई देवापुढे दिवा लावून डब्याचं बटण बंद करताना मला रोज दिसत होती. मला वाटायचं ती वीज वाचवते. मी डोक्याला हात लावला.

चाचा पायरीवर बसले. कुणावर रागावले नाहीत. "मीच विरजन म्हनलो," ते म्हणाले. "बायाइनं बरोबरच केलं."

आता राहिलं होतं एकच घर, चाचांचं स्वतःचं. आम्ही गेलो. चाची दारातच होत्या. मी विचारलं, "चाची, तुम्हीही बंद करत होतात का?" चाची ओशाळल्या. "केला असता वो. सारी गल्ली पाळते तं आपनही पाळाव. पन डबा याइनं कपाटावर ठेवला, माह्या हातच पुरत नाही." म्हणजे हा डबा रोज संध्याकाळी चालू होता. पण त्याचा उपयोग काय, वहिनींचा तर बंद होता. एवढ्यात वहिनींनाच आठवलं. भाचीच्या साखरपुड्याला त्या दोन दिवस वरवट बकालला माहेरी गेल्या होत्या. घराला कुलूप होतं, आणि डबा बंद करायला घरात कुणी नव्हतं.

चाचांनी कपाटावरचा डबा खाली काढला. वहिनींचं विरजण त्यात होतं. माझा जीव भांड्यात पडला.

वहिनींनी शब्द टाकला, चाचा भिंतीकडे वळले. मग वहिनी मोबाइल कानाला लावून चाचींच्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून पुसटसा पुरुषी आवाज आला मात्र, चाचा अचानक मोठमोठ्यानं अँटेनाच्या पत्र्याबद्दल बोलायला लागले. पत्रा कसा गंजतो, कुठला रंग लावावा, सातपुड्याकडून वारा कसा येतो. आतला आवाज थांबून बराच वेळ झाला तरी ते बोलतच होते.

मी म्हटलं, "चाचा, आता सगळ्यांना समजावून सांगू. डब्याला तिन्हीसांजेचं काही नसतं म्हणून."

"समजवते कोनाले? डबा तिच्या घरचा, तं येळ बी तिचीच." आणि त्यांनी वहिनींना दुसरा डबा बसवून विरजणाची वेळ दुपारी बाराची केली. एखाद्या दिवशी लाइट नसली तर दुसऱ्या दिवशी लागेल म्हणाले. पुढे मी अकोल्याला नोकरीला निघाले तेव्हा त्यांना विचारलं होतं, "चाचा, यात तुमचं स्वतःचं काय आहे?" ते म्हणाले, "हाय थोडंसं," आणि माझी पिशवी बसमध्ये चढवून दिली.

चाचा गेले ते वेचणीच्या दिवसांत. मला कळेपर्यंत दफन झालं होतं. मी पोचले तेव्हा रस्त्यावरच्या त्या खांबापाशी उतरून आधी त्याला कान लावला. काही ऐकू आलं नाही. मग मात्र मला फार रडू आलं.

चाळिसाव्या दिवसानंतर चाचींना न्यायला त्यांचा मुलगा सुरतेहून आला. त्यानं घर रिकामं केलं, जुनं सामान भंगारात दिलं, त्यात कपाटावरचा डबाही गेला. त्याला काय माहीत. मी त्या दिवशी गावातच होते, वहिनींच्या ओसरीवर बसले होते. दिवे लागले होते. वहिनी तुळशीपाशी दिवा ठेवून नुकत्याच आत आल्या होत्या, एवढ्यात चाची लगबगीनं आल्या. जीप कोपऱ्यावर सुरूच होती.

"मंदा," त्या म्हणाल्या, "आमचा डबा पोरानं देऊन टाकला. त्याच्यात याइनं माह्यासाठी काही बोलून ठेवलं व्हतं. शब्द मले सांगतला व्हता. पन मानूस समोर बसला असताना मी त्या डब्यातलं काऊन ऐकू? नाही ऐकलं कधी." त्यांची नजर तुळशीकडच्या दिव्यावर गेली. "दिवे लागले, मले समजते. पन गाडी थांबत नाही. तुह्या घरी आमचं विरजन असन ना?"

मी वहिनींकडे बघितलं. डबा त्यांचा होता. मी जागची हलले नाही.

वहिनी आत गेल्या. बंद केलेला डबा त्यांनी स्वतःच्या हातानं सुरू केला आणि मला म्हणाल्या, "काढ." मी एका कोऱ्या कार्डावर चाचांचं जे काही होतं ते उतरवलं. कोणत्याही मोबाइलमध्ये घालून शब्द टाकला की ऐकू येईल, असं चाचींना समजावलं. कार्ड वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी ते चाचींच्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांची सुरकुतलेली बोटं एकेक करून वर वळवली.

"मूठ मिटा, चाची."

कोपऱ्यावर जीप वळली तेव्हा चाचींचा डावा हात खिडकीबाहेर आमच्याकडे हलत होता. उजवा दिसला नाही. तो मिटलेलाच असणार, सुरत येईपर्यंत.